घोडीचे हूफ बूट चालताना फिरतायत, पट्टा अजून आवळू का साइज बदलू?

भूगावकर_रपेट

नमस्कार मंडळी, आमची काठियावाडी घोडी आहे, भूगावच्या पुढे तबेल्यात असते. काम हलकंच, रोजची रपेट आणि रविवारी जरा लांब, म्हणून उन्हाळा लागताना नाल काढले. मातीवर छान चालते पण मुरुम संपून खडी लागली की पाय चोरते, मग पुढच्या दोन पायांना हूफ बूट, म्हणजे नालेऐवजी खुरावर चढवायचे बूट, मागवले. माप नालबंद काकांनी खूर घासल्या घासल्या घेतलं होतं, दोन्ही पाय रुंदी ११२ मिमी, लांबी १२४. चार्टमध्ये लांबीला जी साइज बसली ती घेतली, रुंदीला बूट जरा ढिला होता पण पट्टा आहे म्हटलं.

आता होतंय असं की पावलं टाकत चालली तर ठीक, दुडकी धरली की उजवा बूट बाहेरच्या बाजूला फिरतो, परत येईपर्यंत टोक पार तिरकं. डावा बरा आहे. मोतद्दार (घोडीची देखभाल करणारा) म्हणतो अजून आवळू, आवळला तर उजव्या टाचेच्या फुगीर भागावरचे केस गेले आणि आत लालसर दिसतंय. पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी हे मार्गी लागावं अशी फार इच्छा आहे.

तबेल्याची_ताई

दादा, पहिलं म्हणजे ती टाच पूर्ण बरी होईपर्यंत बूट घालूच नका, सोललेल्या कातडीवर गेटर (टाचेभोवती बसणारा बुटाचा मऊ पट्टा) घासला तर चिघळतं आणि मग घोडी बूट दिसला की पायच देत नाही.

आता पट्ट्याचं. पट्टा बूट निसटू नये एवढ्यासाठीच असतो, खूर घट्ट धरून ठेवायचं काम बुटाच्या शेलचं, म्हणजे कडक कवचाचं आहे. शेल बाजूंनी मोकळा असेल तर तुम्ही कितीही आवळा, आत खूर फिरणारच, वर जखम होणार ती वेगळी. तुमच्या मापातच उत्तर आहे, लांबी रुंदीपेक्षा १२ मिमी जास्त म्हणजे खूर लांबट आहे, आणि बरेचसे बूट गोल खुराच्या हिशोबाने बनतात. लांबीला बसलेला बूट तिला रुंदीला मोठाच होणार.

एक करून बघा, टाच बरी झाल्यावर. बूट घालून पुढच्या टोकाला रबरी हातोडीने दोन-चार हलके ठोके द्या म्हणजे खूर पुढे नीट बसेल. मग पाय उचलून बूट दोन्ही हातांनी पिळून बघा, किंचित हलला तर चालतं, सहज वळला तर ढिला. नंतर खुराच्या बरोबर मधोमध खडूने उभी रेघ मारा आणि ती तशीच खाली बुटावर ओढा. आधी नुसतं चालवा, मग थोडी दुडकी, रेघ कुठे तुटलीये ते लगेच कळतं. बूट काढल्यावर आत पण बघा, मुरुमाची धूळ सगळीकडे बसलेली असते पण जिथे खूर घासतो तिथे पुसून चकचकीत पट्टा दिसतो.

गेटर आणि पायाच्या मधे एक बोट आरामात जायला पाहिजे. नुसतं उभी असतानाच नाही, पाय उचलून वाकवल्यावर पण जायला पाहिजे.

सासवड_९९

एवढा त्रास कशाला, परत नाल ठोका ना, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या तेच चालतं.

तबेल्याची_ताई

नाल वाईट आहेत असं कोण म्हणतंय दादा, पण हलक्या कामाला घोडी अनवाणी राहू शकत असेल आणि खडीपुरते बूट पुरत असतील तर खुराच्या भिंतीला (बाहेरच्या कडक थराला) खिळ्यांची भोकं का पाडायची.

कानस_आणि_हातोडी

मी नालबंदी करतो, वडीलही हेच करायचे. ताईंचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. दोन्ही खुरांचं माप सारखं आणि फिरतोय फक्त उजवा, म्हणजे सगळा दोष बुटाचा नाही. घोडीला सपाट सिमेंटवर समोरून तुमच्याकडे चालवत आणा आणि खाली वाकून बघा उजवा खूर टेकताना आधी कुठली बाजू लागते. आतली किंवा बाहेरची बाजू उंच राहिली असेल तर प्रत्येक पावलाला पाय जरासा पिळतो आणि तोच पीळ बुटात उतरतो, चालताना कमी, दुडकीत जास्त. काकांना दाखवा, कानशीचे चार हात फिरवून सुटण्यासारखं असतं बरेचदा. पण पायाची ठेवणच जन्मापासून वाकडी असेल तर जबरदस्तीने सरळ करायला जाऊ नये, मोठ्या घोडीचे सांधे दुखावतात.

आणि शेवटचं खूर कधी घासलेत? महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतो खूर. टोक लांब झालं की बुटात टाच मागे सरकते आणि गेटर तिथेच खातो. बूट वापरायचे तर चार ते सहा आठवड्यांत कानस लागलीच पाहिजे.

भूगावकर_रपेट

खूप खूप आभार सगळ्यांचे. टाच आता कोरडी आहे, नवीन केस येतायत. काकांना बोलावलं, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की उजव्याची बाहेरची बाजू उंच आहे, ती उतरवली. मग खडूची रेघ मारून थोडंच चालवलं, आधीपेक्षा बराच फरक पण रेघ अजून बोटभर सरकते. आत दोन्ही बाजूंना चकचकीत पट्टे आहेत, पुढे टोकाला काही नाही. बूट बदलून द्यायला दुकानदार तयार नाही. आतून काही भरता येईल का?

तबेल्याची_ताई

येतं ना. जुन्या योगा मॅटचा किंवा तसल्याच घट्ट फोमचा ३ मिमी जाडीचा तुकडा कापा आणि शेलच्या आतून दोन्ही बाजूंना, बरोबर त्या चकचकीत पट्ट्यांवर चिकटवा. दोन्हीकडे सारखाच. टोकाला लावू नका, खूर मागे ढकलला जाईल आणि परत टाच सोलेल. वरची कड केस सुरू होतात त्या रेषेच्या खाली राहू द्या, तिथे दाब अजिबात नको. फोमने पण नाही जमलं तर खूर कोरडा पुसून मेडिकलमधली रुंद कापडी चिकटपट्टी फक्त भिंतीवरून एक-दोन वेढे गुंडाळा, रपेट झाली की काढून टाका. एवढं करूनही सरकला तर मग अरुंद मॉडेलच बघावं लागेल, लांबट खुरासाठी वेगळे साचे येतात.

पावसात काळजी घ्या, चिखल बूट ओढून काढतो आणि आत वाळू गेली की कानशीसारखी घासते, तर मधे थांबून एकदा पाय उचलून बघायचा. घरी आल्यावर बूट धुवून उलटे वाळत घाला, खूरही खरवडून कोरडा करा नाहीतर फ्रॉग (खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग) कुजून वास मारायला लागतो. आणि तबेल्यात बूट घालून ठेवू नका.

कानस_आणि_हातोडी

फोम लावल्यावर पहिल्या दिवशी वीस मिनिटंच न्या, परत आल्यावर टाच आणि केसांची रेषा हाताने चाचपा, गरम लागली किंवा घोडी पाय उचलून धरायला लागली तर बूट बाजूला ठेवून घोड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बूट काढूनही लंगडत राहिली तर कारण वेगळं असू शकतं.