मोन्ताल्बानोत एवढं काय आहे?

प्रश्न: बायको ही सिसिलीतल्या पोलीस अधिकारी मोन्ताल्बानोची इटालियन मालिका रोज लावते. मी दोन भाग पाहिले; तपासापेक्षा जेवणंच जास्त! १९९९ ते २०२१ चालली कशी?

उत्तर १: अहो, जेवणातच तर तो माणूस कळतो. जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही. त्याची घरकामवाली आदेलिना फ्रिजमध्ये काय ठेवून गेलीय, हे बघताना त्याचा चेहरा पाहा! आणि धाडकन दार उघडणारा, सगळ्यांची नावं चुकवणारा त्याच्या ठाण्यातला पोलीस कातारेल्ला... माझा फार लाडका.

उत्तर २: मालिका ज्यांवर बेतलीय त्या कादंबऱ्याही वाचा. लेखक कामिल्लेरींची यातली पहिली १९९४ची, साठी उलटल्यावर लिहिलेली. नायक पुढे म्हातारा होतो, चिडतो, घाबरतो. मला खुनी कोण यापेक्षा हेच जास्त ओढतं.

प्रश्नकर्ता: आज बसतो तिच्याबरोबर. पहिल्या भागापासूनच ना?