लहानपणीची पुस्तकं आता परत वाचावीत का? धाडस होईना

शहापूरचा_पुस्तककिडा:
नमस्कार मंडळी. माझं वाचन म्हणजे सकाळी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी थोडा वेळ, दुपारी जेवून आडवं होताना दोन पानं आणि रात्री घरात सीरियल चालू असते तेव्हा आतल्या खोलीत. दिवाळी अंक तर संक्रांतीपर्यंत पुरवून पुरवून वाचतो. आता झालंय काय, यंदा पावसात माळा गळाला म्हणून सामान खाली काढलं तर त्यात पत्र्याची ट्रंक निघाली, आत माझे फास्टर फेणे आणि चांदोबाचे अंक, काहींना आईनं घातलेली खाकी कव्हरं, वर नाव, इयत्ता, तुकडी सगळं. कसर लागलीय पण अक्षरं शाबूत आहेत. जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायचो त्याचे आमटीचे डागसुद्धा तसेच. पण उघडून वाचायचं धाडस होईना बघा. आता वाचलं आणि पोरकट वाटलं तर मनात जे इतकी वर्षं राहिलंय तेही जायचं. कुणी वाचलंय का परत? आणि कसरीला काय करायचं तेही सांगा.

खानापूरवाली:
मी वाचलं, गेल्या वर्षी, खानापूर-बेळगाव बसमध्ये, जाता येता. खरं सांगू का, चोर आणि स्मगलर एकजात बावळट आहेत आणि योगायोग तर विचारूच नका, हा पोरगा जाईल तिथं भानगड आधीच येऊन बसलेली. पण भा. रा. भागवतांची वाक्यं बघा कशी पळतात, प्रकरण कुठं तोडायचं ते त्या माणसाला बरोबर माहीत होतं, माझा स्टॉप दोनदा चुकता चुकता राहिला. आणि एक गोष्ट लहानपणी डोक्यातच आली नव्हती, की हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला. म्हणजे खेड्यातून शहरात आलेला पोरगा की! तेव्हा मला नुसती सायकल आणि ते ट्टॉक दिसायचं. मी स्वतः दहावीनंतर बेळगावात खोली करून राहिले होते, त्यामुळं आता तो शहरात इतका बिनधास्त कसा फिरतोय ह्याचंच जास्त कौतुक वाटलं. वाचा हो, काही जात नाही.

निपाणीकर_मामा:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. सगळं परत वाचायच्या भानगडीत पडू नये. निम्मी पुस्तकं आपल्याला आवडली कारण दुसरं काही मिळतच नव्हतं, आमच्याकडं तर भेळेच्या पुडीचा कागद सुद्धा आधी वाचून मग टाकायचे. मी मागं एक आवडती रहस्यकथा हुडकून आणली आणि वीस पानांत झोपलो.
चांदोबाची गोष्ट मात्र वेगळी. मराठी चांदोबा १९५२ ला सुरू झाला, निघायचा मद्रासहून, एकाच वेळी बऱ्याच भाषांत आणि चित्रं सगळीकडं तीच. आमच्या शेजारी कन्नड घर होतं, त्यांच्याकडं चंदामामा यायचा. दोन्ही अंक कट्ट्यावर शेजारी शेजारी उघडून बसायचं, गोष्ट मराठीत आधी वाचलेली असायची, मग त्यांच्या अंकात तेच चित्र हुडकून बोट ठेवून वाचायचं. शाळेत कन्नड शिकवायच्या आधी मला राजा, मंत्री, राक्षस वाचता येत होतं. आता गोष्टी वाचल्या तर मंत्री फारच शहाणे वाटतात, पण शंकर यांनी काढलेला तो तलवार घेतलेला विक्रम आणि खांद्यावरचं प्रेत, ते चित्र बघून आजही अंगावर काटा येतो. २०२० ला ते गेले तेव्हा मी अंक काढून नुसती चित्रंच बघत बसलो होतो.

अनगोळची_मावशी:
तुम्ही सगळे लहानपणाचं बोलताय, माझी परत परत वाचायची पुस्तकं म्हणजे प्रकाश नारायण संतांचा लंपन, आजी-आजोबांकडं राहून शाळेत जाणारा पोरगा. तसं ते मुलांचं पुस्तक नव्हे, आणि त्यातलं पहिलं, वनवास, आलं १९९४ ला, तेव्हा मी कॉलेजात. पण आपल्या बेळगावचा माणूस, इंदिरा संतांचा मुलगा, आणि ती भाषा! पुण्याच्या मैत्रिणीला काही वाक्यं समजावून सांगावी लागली, आपल्याला कशाला लागतंय. दर पावसाळ्यात एकदा काढतेच. तेव्हा लंपनच्या करामतींना हसून हसून पुरेवाट व्हायची. आता भाचा शाळेसाठी आमच्याकडं राहतोय, रात्री कधी कधी उशीत तोंड घालून पडतो, विचारलं तर काही नाही म्हणतो. त्यामुळं अलीकडं मी ते आजीच्या बाजूनं वाचायलेय. ती काय काय बोलत नाही तेच बघत बसते.
कसरीचं सांगते. कडक उन्हात ठेवू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत वाऱ्यावर उभी पसरायची, मऊ ब्रशनं पान न् पान झाडायचं. मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये, किडा मरतो. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी सोडायची नाही, नाहीतर पानांना पाणी सुटतं. कपाटात वेखंडाचे तुकडे. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको, पिवळी पडून कागद खाती ती.

शहापूरचा_पुस्तककिडा:
फ्रीजरवरून घरात जोरदार चर्चा झाली, शेवटी मटाराच्या पिशव्या एका बाजूला आणि फेणे एका बाजूला असं ठरलंय. तोवर चांदोबा घेतलाय. मामा, तुमचं खरं आहे, मंत्री भारीच शहाणे आहेत, पण वेताळाचा प्रश्न आला की मी अजून पान झाकून आधी उत्तर शोधतोय. बरेच अंक डबल निघालेत, चुलत्यांकडचे मिसळले असणार. कुणाला पाहिजेत का?

निपाणीकर_मामा:
पाहिजेत की! ऐंशीच्या आसपासचे असले तर बाजूला ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. बदल्यात माझ्याकडचे किशोरचे जुने अंक देतो. रविवारी लग्नाला बेळगावात येणार आहे, जेवणं झाली की गणपत गल्लीत येतो, दुकान कुठंय तेवढं कळवा.