मदत हवी आहे: नॉर्मंडीची चढाई फसली असती, तर हिटलरची पुढची चाल काय?

मंडळी, एका हौशी दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आहे. ६ जून १९४४ची दोस्त राष्ट्रांची चढाई फसते, इथून सुरुवात. पहिलं प्रकरण जमलं. अपयशाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेणारी चिठ्ठी दोस्तांच्या सरसेनापती आयसेनहॉवरने खरोखरच लिहून ठेवली होती (आणि गडबडीत तारीख ५ जुलै टाकली होती!), ती तशीच वापरली. घोडं पुढे अडलंय. ८ जूनची सकाळ, हिटलरसमोर नकाशा, किनाऱ्यावर दोस्तांची एकही तुकडी नाही. आता तो काय करेल?

हाताशी आहे तो त्याचा ३ नोव्हेंबर १९४३चा ५१ क्रमांकाचा आदेश. मथितार्थ असा, की पूर्वेला जमीन गेली तरी लगेच जिवावर बेतत नाही, पण पश्चिमेला शत्रूने पाय रोवला तर बेतेल. म्हणजे पश्चिम एकदा सावरली की तिथल्या पँझर (रणगाड्यांच्या) डिव्हिजन रशियाच्या तोंडावर धाडणार, हे ओघानेच आलं. फ्रान्स आणि आसपास मिळून अशा दहाएक डिव्हिजन होत्या. समजा निम्म्या पाठवल्या.

इथेच माझं गणित फसतं. २२ जूनला रशियाची बाग्रातियोन मोहीम सुरू होते. हातात जेमतेम दोन आठवडे. प्रत्यक्षात ९वी आणि १०वी एसएस पँझर (नाझी पक्षाच्या फौजेतल्या दोन डिव्हिजन) पूर्वेकडून नॉर्मंडीला बोलावल्या त्या १२ जूनला, आणि लढाईत उतरेपर्यंत जून संपत आला. मग उलटा प्रवास तरी वेळेत कसा होणार? शिवाय पाठवायच्या कुठे? जर्मन सेनापतींना खात्री होती की घाव उत्तर युक्रेनच्या बाजूने येणार. त्यापायी बेलारूसमधल्या सेनेकडचं पँझर कोअरसुद्धा त्यांनी मे महिन्यात तिकडे हलवलं होतं. घाव आला बेलारूसवर, ३ जुलैला मिन्स्क गेलं. म्हणजे फ्रान्समधून आलेले रणगाडेही चुकीच्याच दारात उभे राहिले असते का?

आणखी एक. रोम ४ जूनलाच पडलं होतं. काही डिव्हिजन इटलीत जर्मन सेनापती केसेलरिंगला मिळाल्या असत्या का? तिथे आपली मराठा लाइट इन्फंट्री होती. नाईक यशवंत घाडगेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो टायबरच्या खोऱ्यातल्या १० जुलैच्या लढाईसाठी. कथेचा एक धागा तिकडे न्यायचा आहे.

व्ही-१ उडत्या बॉम्बने आणि व्ही-२ रॉकेटने युद्ध फिरवलं असतं, असं कृपया सांगू नका. लंडनवर काहीही पडलं तरी रशियन रणगाडे थांबत नाहीत.

प्रतिसाद:
निम्म्या डिव्हिजन विसरा. दोस्तांनी इंग्लंडच्या आग्नेय भागात अमेरिकन जनरल पॅटनची खोटी फौज उभी केली होती, आणि जर्मन हेरखातं ब्रिटनमधल्या डिव्हिजनांचा आकडा फुगवून धरत होतं. नॉर्मंडीत जिंकूनही हिटलरला वाटणार, की खरी चढाई पा-द-कॅलेला (इंग्लंडसमोरच्या फ्रेंच किनाऱ्यावर) अजून यायचीच आहे. तिथली जर्मन १५वी आर्मी जागची हलत नाही. तुमच्या कथेतली गंमत हीच ठेवा: चढाई हरली तरी थाप जिंकते.

त्या दोन एसएस डिव्हिजन मात्र पूर्वेलाच राहू द्या, कुणाला कुठून आणायची गरज नाही. मिन्स्क तरीही पडेल. पण १३ जुलैला रशियन सेनापती कोनेव्ह पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्हच्या दिशेने निघाला, तिथे त्याची वाट बरीच अवघड होईल.

आणि तेल! १२ मेपासून अमेरिकन बॉम्बर जर्मनीतल्या लॉयनासारख्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर होते. जूनमध्ये त्यांना वरचेवर नॉर्मंडीच्या मदतीला यावं लागलं. तुमच्या कथेत किनाराच उरला नाही, म्हणजे ते पुन्हा कारखान्यांवर मोकळे. प्रत्यक्षातही सप्टेंबरपर्यंत विमानांच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलच्या दशांशाच्याही खाली आलं होतं. त्यात ऑगस्टअखेर रुमानियाचं तेलही गेलं. पँझर पाठवाल, पण भराल काय?

धागाकर्ता:
बाप रे, हे किनारा मोकळा झाल्यावर बॉम्बर सुटतात ते डोक्यातच आलं नव्हतं. दुसरं प्रकरण मिन्स्कवरून उचलून ल्विव्हला नेतो. इटलीचं कुणी सांगेल का?