कोंबड्यांना गांडुळं घातली तर पेंडीचा खर्च वाचेल का?

माणदेशी_मळा:
राम राम मंडळी. 40 गावरान कोंबड्या आहेत, मका घरचाच, भरडा करून घालतो, पण सोयाबीन पेंड विकत आणायची म्हणजे खिसा रिकामा. गांडूळखताचे 2 बेड पण आहेत. परवा बेड उपसताना खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि कोंबड्यांनी जो काय धुमाकूळ घातलाय, गोणपाट फाडून आत शिरल्या. तेव्हापासून डोक्यात आहे की हीच गांडुळं रोज घातली तर पेंड बंद करता येईल का? कोणी केलंय का?

हिशोबी_पाटील:
भाऊ, गांडुळात 60 टक्क्यांवर प्रोटीन म्हणतात ना, ते वाळवलेल्या गांडुळात. जिवंत गांडूळ म्हणजे 80-85 टक्के नुसतं पाणी, म्हणजे किलोभर गांडुळातनं प्रोटीन मिळणार 100 ग्रॅमच्या आसपास. 40 कोंबड्या दिवसाला 4 किलो खाद्य खाणार, अंड्यावरच्या असतील तर त्यात 650 ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे. मक्यातनं 250-300 येईल, राहिलेल्यासाठी रोज साडेतीन-चार किलो गांडुळं काढावी लागतील. तेवढंच प्रोटीन 800-900 ग्रॅम पेंडीत बसतं. दोन बेड किती दिवस पुरणार सांग, गांडुळाचं पिल्लू मोठं व्हायलाच दीड-दोन महिने जातात. हे म्हणजे बियाणंच दळून खाल्ल्यासारखं.

परसातली_ताई:
दादा पेंड बंद नका करू, पण वरखाऊ म्हणून घाला की. मी खत काढते तेव्हा उन्हात ढीग लावते, उजेडाला भिऊन गांडुळं खाली खाली जातात, वरचं खत खरवडत गेलं की शेवटी तळाला नुसता गुंता राहतो, त्यातला निम्मा परत बेडला आणि निम्मा कोंबड्यांना. आणि एक चूक माझ्याकडनं झाली ती करू नका, ताजं कोंबडीखत बेडमध्ये टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गांडुळं विटांवर चढलेली आणि आतली मरून पडलेली, वास तर विचारू नका. अमोनिया आणि उष्णता दोन्ही सहन होत नाही त्यांना.

गुरांचा_दवाखाना:
ताईंच्या बोलण्यात अजून एक भर. कोंबडीखतावर वाढलेली गांडुळं परत त्याच कोंबड्यांना घातली तर जंतांचं चक्र सुरू होतं, पट्टकृमी आणि श्वासनळीतला जंत गांडुळातनं येऊ शकतात. पिल्लं मान लांब करून चोच आ वासून श्वास घ्यायला लागली तर जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा, घरचे उपाय करत बसू नका. बेड फक्त शेण-पाचटाचा ठेवा, कोंबड्या लांब. घालायच्या आधी गांडुळं धुऊन उकळत्या पाण्यात बुडवून काढली की बरं. गटाराकडच्या मातीतली तर अजिबात नको, जड धातू अंगात साठवतात ती.

माणदेशी_मळा:
पाटील, रोज चार किलो ऐकूनच घाम फुटला 😅 पेंड चालूच ठेवतो. बेड उपसल्यावर निघतील तेवढीच, ती पण उकळत्या पाण्यातनं काढून, पीस गाळणाऱ्या कोंबड्यांना. ताई, पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा ढीग कसा लावता?