केळीच्या खोडावर पीएच.डी. झाली, आता पुढे?

प्रश्न: रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, विषय केळीच्या खोडातलं सेल्युलोज. घर रावेर तालुक्यात. घरचे म्हणतात प्राध्यापकीची सेट परीक्षा काढ, कॉलेजात चिकट. तासिका तत्त्वावर राबायची इच्छा नाही. जळगावातच मटेरियलचं काम मिळेल का?

चटईवाला, जळगाव एमआयडीसी: भाऊ, इथे रिसर्च पेपर कोणी वाचत नाही, मशीनवर माल चालला पाहिजे. केळीचा धागा पॉलिप्रॉपिलीनमध्ये, म्हणजे आमच्या चटईच्या प्लास्टिकमध्ये, घालून पाहिलात? धागा पाणी ओढतो, पॉलिप्रॉपिलीन पाण्याला फटकून राहतं. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळल्याशिवाय दोघं एकमेकांना नीट धरत नाहीत. ओला धागा गेला की एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणारं मशीन) वाफ, प्लास्टिकच्या दाण्यात बुडबुडे. २०० अंशांच्या बरंच वर गेलात की धागा करपतो, वास मालकाच्या केबिनपर्यंत! मुलाखतीत हे बोला, एच-इंडेक्स (पेपरांच्या उल्लेखांवरून काढलेला आकडा) राहू द्या.

दुसरे उत्तर: मुंबईची सिरकॉट (कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), दोन्हीकडच्या प्रोजेक्टच्या जाहिराती बघत जा. वयाची अट आधी वाचा.

प्रश्नकर्ता: काका, आमच्या लॅबला एक्स्ट्रूडर नव्हताच. धागा किती वाळवायचा?

चटईवाला: ओलावा १ टक्क्याच्या आसपास आणा. पावसाळ्यात वाळवून उघडा ठेवू नका, लगेच पुन्हा ओढतो. नमुना घेऊन या, शनिवार सोडून. शनिवारी लाइट नसते.