शब्दचर्चा: संशोधकाची ‘भूमिका’ की ‘स्थान’?

करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं आणि तिथले मजूर या विषयावर प्रबंध लिहिते आहे. संशोधक स्वतः कोण आहे आणि त्याचा लेखनावर काय परिणाम झाला, हे पद्धतीच्या प्रकरणात सांगावं लागतं. पोझिशनॅलिटी म्हणतात ती हीच. मराठीत बरेच जण ‘भूमिका’ लिहितात. मला ते पटत नाही. भूमिका माणूस घेतो, मांडतो, बदलतो. माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ आहे, हे मी कुठे घेतलंय?

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘मजूर मजुरीबाबत समाधानी असल्याचे आढळून आले.’ शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारे मामा माझ्याकडे न बघताच म्हणाले होते, “चांगलं चाललंय की ताई. तुमच्यात देत्यात तेवढंच हितं.” ‘तुमच्यात’ म्हणजे आपल्या कोल्हापुरी बोलीत ‘तुमच्या घरी’. मी कुणाची पोरगी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग समाधान आढळलं ते मालकाच्या मुलीला, आणि ‘आढळून आले’नं नेमकी तीच वाक्यातून गायब केली. ‘प्रस्तुत संशोधकाने’ लिहिलं की मी बाई आहे हेही दिसत नाही.

म्हणून ‘स्थान’ सुचवते. आणखी कुणी काय वापरतं?

प्रतिसाद १

ताई, ‘भूमिका’ शब्दात भूमी आहे, म्हणजे उभं राहायची जागा. त्यामुळे तो अगदीच चुकीचा नाही. पण आता त्याचा अर्थ ‘घेतलेली बाजू’ असाच रुळलाय, हे खरं. ‘भूमिदृष्टी’शी मात्र गल्लत नको. तो शब्द स्टँडपॉइंटसाठी, म्हणजे शोषितांच्या जागेवरून जग बघण्याच्या दृष्टीसाठी वापरतात. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली, ती दलित स्त्रियांच्या अनुभवातून आणि संघर्षातून ज्ञान उभं करण्यासाठी. स्थान काय, प्रत्येक संशोधकाला असतंच, मालकाच्या मुलीलाही.

काही जण ‘पूर्वग्रह’ लिहितात, तो तर नकोच. पूर्वग्रह दूर करायचा असतो, स्थान सांगायचं असतं.

प्रतिसाद २

प्रबंध वाचताना मी आधी सर्वनामं बघते. ‘आम्ही’त समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये तो धरलेला असतो. ही सोय मराठीत आहे आणि लिहिणारा तिच्यातच सापडतो. ‘आपल्याकडे ऊसतोडीला बाहेरचे मजूर येतात’ हे वाक्य घ्या. बीडकडून आलेल्या तोडणी मजुराचीच मुलगी ते वाचत असेल, तर तिनं स्वतःला ‘आपल्या’त धरायचं की ‘बाहेरच्यां’त? लिहिणाऱ्याचं स्थान त्या एका ‘आपल्या’त पुरतं उघडं पडतं. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद लिहून पुढची दोनशे पानं ‘आपल्याकडे’ लिहीत राहिलात, तर त्या परिच्छेदाचा उपयोग नाही. माझ्या मते शब्दापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. काल रात्री मसुदा काढून ‘आपल्याकडे’ शोधलं. मजुरीच्या प्रकरणातच अकरा वेळा निघालं.

‘संशोधकाचे स्थान’ कायम करते. ते वाक्यही बदललं: ‘माझ्या वडिलांचे गुऱ्हाळ आहे, हे मुलाखत देणाऱ्यांना माहीत होते. मजुरीबद्दल त्यांपैकी कोणीही माझ्याकडे तक्रार केली नाही.’ समाधानाचा मुद्दा सध्या काढलाय. हंगाम सुरू झाला की त्या मुलाखती माझ्याऐवजी वर्गातली एक मैत्रीण घेणार आहे. तिचं गाव लांबचं आहे, घरी ऊसही नाही. मामा तिच्याशी काय बोलतात, ते मी शेजारी न बसता ऐकेन.