सेंट लुशियात जहाजाचा मुक्काम फक्त नऊ तास: आई-बाबांसोबत मार्गदर्शक घेऊन काय पाहावे?

जास्वंद:

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही फोर्ट लॉडरडेलहून निघणाऱ्या दहा रात्रींच्या क्रूझवर जात आहोत. सोबत भारतातून आलेले आई-बाबा असतील. जहाज सेंट लुशिया बेटावर कॅस्ट्रीज बंदरात सकाळी ८ ला लागेल आणि संध्याकाळी ५ ला सुटेल. एवढ्या वेळात मार्गदर्शक घेऊन बेटाची छोटी सफर करावी, असे आम्ही ठरवले आहे, परंतु कोणत्या भागाची, यावर घरात एकमत होत नाही.

आईला जुळे पिटन डोंगर आणि गंधकाचे गरम झरे पाहायचे आहेत. तिच्या गुडघ्यांची तक्रार असल्यामुळे चढ आणि फार पायऱ्या जमणार नाहीत, शिवाय घाटात तिला गाडी लागते. बाबांना ग्रॉस आयलेटचे क्रिकेट मैदान पाहायचे आहे, कारण २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत केलेल्या ९२ धावा त्यांनी पुण्यातल्या घरी रात्री जागून पाहिल्या होत्या. नकाशा पाहता मैदान बेटाच्या उत्तर टोकाला, झरे आणि डोंगर नैर्ऋत्येला आणि आमचे बंदर त्यांच्या मध्ये आहे. एका दिवसात दोन्ही होईल का? जहाजाकडून सहल घ्यावी की स्थानिक टॅक्सीवाला मार्गदर्शक ठरवावा? मला स्वतःला बेटाबद्दल काही ऐकायचे, समजून घ्यायचेही आहे. चार ठिकाणी उतरून छायाचित्रे काढून परतावे, एवढीच सहल नको आहे.

दर्यावर्दी:

ताई, मी गुहागरचा. क्रूझ जहाजांवर चौदा वर्षे नोकरी केली आणि कॅस्ट्रीजला अनेकदा उतरलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी घड्याळ. सेंट लुशिया वर्षभर ग्रीनिचच्या चार तास मागे असते, तर फ्लोरिडा हिवाळ्यात पाच तास मागे. काही जहाजे बेटाप्रमाणे घड्याळ पुढे करतात, काही निघालेल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत पाळतात. तुमच्या जहाजाने घड्याळ बदलले नाही, तर मार्गदर्शकाचे ९ म्हणजे तुमचे ८ असतील, आणि तुम्ही आरामात नाश्ता करत असताना तो धक्क्याबाहेर तासभर उभा असेल. फोन बेटाची वेळ आपोआप दाखवू लागला तर गोंधळ आणखी वाढतो. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर वेळ पाहा आणि मार्गदर्शकाशी बोलताना ‘बेटाची वेळ’ की ‘जहाजाची वेळ’ हे प्रत्येक वेळी स्पष्ट म्हणा.

जहाजाच्या सहलीचा खरा फायदा एकच, पण तो मोठा आहे. त्यांची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही, आणि मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने विमानाने जावे लागते. धक्क्यावरून धावत येणारी वयस्कर माणसे आणि वर काढून घेतलेला जिना मी पाहिला आहे. ते दृश्य आजही मनातून जात नाही. तरीही तुमच्या आईंचे गुडघे पाहता मी छोटी स्वतंत्र गाडी सुचवेन, कारण मोठ्या बसमध्ये चाळीस माणसांच्या वेगाने चालावे लागते. अट मात्र एकच ठेवा: सुटण्याच्या वेळेआधी दोन तास धक्क्यावर परत.

टॅक्सीला मीटर नसतो. टॅक्सीच्या नंबरपाटीवर सुरुवातीला ‘टीएक्स’ ही अक्षरे असतात, ती पाहूनच बसा. भाडे माणशी आहे की गाडीचे, आणि कोणत्या डॉलरमध्ये, हे निघण्यापूर्वी ठरवा. तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे आणि बोलताना दोन्हींना नुसते ‘डॉलर’ म्हणतात, त्यामुळे भांडण होते ते बहुधा या एका शब्दावरून.

आता रस्ता. कॅस्ट्रीज ते सूफ्रिएर (गरम झरे आणि पिटन यांच्याजवळचे गाव) हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते, पण जायला सव्वा ते दीड तास धरा. मोर्न फॉर्च्यूनचा डोंगर चढून, केळीच्या बागांच्या खोऱ्यांतून, आन्स ला रे आणि कॅनरीज ही कोळ्यांची गावे मागे टाकत हा रस्ता सतत वळत राहतो. आपल्या वरंधा घाटाची सवय असलेल्यालाही ही वळणे जाणवतात. तिथे आपल्याप्रमाणेच डावीकडून गाडी चालते, म्हणून आईंना पुढच्या डाव्या आसनावर बसवा. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. कॅनरीजच्या अलीकडे रस्त्याकडेला कसावाची भाकरी तव्यावर भाजून देतात, तिथे थांबा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. गरम भाकरीबरोबर तिथला मसाल्याचा ‘कोको टी’ घेतला की गाडी लागलेला माणूसही सावरतो.

एका दिवसात दोन्ही टोके करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरेकडचा रस्ता अंतराने कमी असला तरी त्यावर वाहनांची गर्दी फार असते, आणि परतीच्या वेळी ती जहाज चुकवते.

एक राहिले: लष्करी ठिपक्यांचे कपडे त्या बेटावर नागरिकांना घालायला कायद्याने बंदी आहे. बाबांची तशी टोपी असेल तर ती जहाजावरच राहू द्या.

पॅव्हेलियन एंड:

बाबांची बाजू मांडायला कोणीतरी हवे, म्हणून लिहितो. ते मैदान २००२ मध्ये बोसेझूर या नावाने सुरू झाले आणि २०१६ मध्ये त्याला डॅरेन सॅमीचे नाव मिळाले. वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला तो या बेटावरचा पहिला खेळाडू. सुरेश रैनाने २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक काढले तेही तिथेच, आणि आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतील ते भारताचे पहिले शतक. मैदानाला लागून हिरव्या टेकड्या आहेत, आणि दूरदर्शनवर पाहिलेली जागा समोर येते तेव्हा काय वाटते, हे क्रिकेट पाहणाऱ्यालाच कळेल. उत्तरेकडे गेलात तर जवळच पिजन आयलंडही होते. ब्रिटिश नौदलाचा अ‍ॅडमिरल रॉडनी तिथल्या किल्ल्यावरून शेजारच्या मार्टिनिक बेटावरल्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवत असे. किल्ल्याचा चढ मात्र आईंना जमणार नाही.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर सामना नसलेल्या दिवशी तिथे रिकामी आसने आणि बंद फाटक पाहण्याची तयारी ठेवावी लागते. एकच जागा निवडायची झाली, तर मीही दक्षिणेकडेच जाईन.

कातळवेडी:

मी शाळेत भूगोल शिकवत असे, आता टोरंटोत मुलाकडे असते. दोन वर्षांपूर्वी याच बेटावर आम्ही चार थांब्यांची मोठी बससहल घेतली होती. झऱ्यांपाशी वीस मिनिटे मिळाली आणि भेटवस्तूंच्या दुकानात पाऊण तास गेला. त्याचे वाईट वाटते, कारण ती जागा घाईने पाहण्यासारखी नाही. म्हणून सहल ठरवताना थांबे किती यापेक्षा प्रत्येक थांब्यावर किती वेळ, हे विचारा.

जाहिरातीत ‘गाडीने जाता येणारा ज्वालामुखी’ असे लिहिलेले असते, त्यावरून शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर तोंड, असे चित्र मनात येते. तसे तिथे काही नाही. एका खचलेल्या, विस्तीर्ण ज्वालामुखी खोलगटात आपण उभे असतो, आणि जमिनीतून वाफ, गंधकाचा वायू व करडा उकळता चिखल वर येत असतो. अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या गतीने सरकतो आहे, आणि कमानीसारख्या रांगेतली ही सारी बेटे त्यातूनच जन्मली. तिथला शेवटचा, वाफेच्या दाबाने झालेला लहान स्फोट १७६६ मधला. कोकणात उन्हवऱ्याचे किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावाचे गरम पाणी आपण पाहतो, ते जमिनीत खोल जाऊन तापलेले पाणी भेगांमधून वर आलेले असते, त्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. इथे मात्र आहे, हे पायांखाली जाणवते.

पिटनही असेच समजून घ्यावेत. आपला सह्याद्री पातळ, वाहत्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, म्हणून त्याला पायऱ्या आणि सपाट माथे आहेत. सेंट लुशियाचा लाव्हा चिकट होता, तो वाहून पसरला नाही. तोंडापाशीच साचून घट्ट झाला आणि समुद्रातून सरळ उभे सुळके राहिले. प्टी पिटन ७४३ मीटरचा, आणि ग्रो पिटन त्याहून थोडासाच उंच. युनेस्कोने २००४ मध्ये हा परिसर जागतिक वारशात घेतला. तुमच्या मार्गदर्शकाला ग्रो पिटनच्या पायथ्याच्या फाँ जाँ लिब्र या गावाबद्दल आवर्जून विचारा. या नावाचा अर्थ ‘मुक्त माणसांचे खोरे’. अठराव्या शतकाच्या शेवटी गुलामगिरीतून निसटून ब्रिटिशांशी लढलेल्यांनी वसवलेले ते गाव आहे, आणि डोंगर चढवणारे वाटाडे तिथूनच मिळतात.

आईंसाठी काही व्यावहारिक गोष्टी. उकळत्या कुंडांच्या अगदी कडेपर्यंत आता कोणालाही जाऊ देत नाहीत, कठड्यामागूनच पाहायचे असते, त्यामुळे चालणे थोडेच आहे. खाली कोमट पाण्याची कुंडे आहेत, तिथे अंगाला चिखल लावून बसता येते, पण पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. चांदी गंधकाने काळी पडते, म्हणून जोडवी आणि पैंजण केबिनमध्ये ठेवून जा. दम्याचा त्रास असेल तर तिथे फार वेळ थांबू नये. सूफ्रिएरची डायमंड बाग मात्र सपाट आहे. खनिजांमुळे रंग चढलेल्या कड्यावरून तिथे छोटा धबधबा पडतो, आणि सोळाव्या लुईच्या काळात, १७८४ मध्ये, फ्रेंच सैनिकांसाठी बांधायला घेतलेली स्नानगृहेही तिथेच आहेत.

जास्वंद:

आम्ही परत आलो. आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले होते, म्हणून काय झाले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

स्वतंत्र गाडी घेतली आणि फक्त सूफ्रिएर केले. जहाजाने घड्याळ खरोखरच बदलले नव्हते. दर्यावर्दी दादांनी लिहिले नसते, तर सकाळचा एक तास गेलाच असता. आईला पुढे बसवले, कसावाची भाकरी खाऊ घातली आणि जाताना तिला अजिबात त्रास झाला नाही; परतीच्या वाटेवर एकदा थांबावे लागले. झऱ्यांपाशी पाऊण तास, बागेत तासभर आणि पिटन समोर दिसतील अशा कड्यावर अर्धा तास थांबलो. ढग होते, पण दोन्ही सुळके काही मिनिटे पूर्ण उघडे झाले. आई तेवढा वेळ काहीच बोलली नाही.

आमचे मार्गदर्शक साठीचे होते. फोनवर ते क्वेयोलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, बोलत आणि आमच्याशी इंग्रजीत. हे बेट फ्रेंच आणि ब्रिटिशांमध्ये चौदा वेळा हात बदलून १८१४ मध्ये कायमचे ब्रिटिशांकडे आले, तरी गावांची नावे आणि घरातली भाषा फ्रेंच वळणाचीच राहिली, हे त्यांनी गावागणिक पाट्या दाखवत समजावले. आम्ही भारतीय म्हणून त्यांनी आपणहून १८५९ चा विषय काढला. त्या वर्षी करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज भारतातून इथे आले, आणि त्यांतले पुष्कळ जण परत गेले नाहीत. त्यांच्या वंशजांची भाषा हरवली, धर्म बहुतेकांचा बदलला, पण जेवणात रोटी राहिली. दुपारी आम्ही तीच, बटाटा आणि चण्यांची रोटी खाल्ली. रस्त्याकडेच्या नीरफणसाच्या झाडांपाशी आईने गाडी थांबवायला लावली. तिच्या माहेरच्या, वेंगुर्ल्याच्या परसात तसेच झाड होते.

बाबांचे मैदान राहिले, याची खंत मला होती. परंतु आम्ही तीनच्या सुमारास कॅस्ट्रीजला परतलो आणि हातात वेळ होता, म्हणून मार्गदर्शकांनी आम्हाला डेरेक वॉलकॉट चौकात नेले. दोन लाखांहूनही कमी वस्तीच्या या बेटाने दोन नोबेल विजेते दिले, अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस १९७९ मध्ये आणि कवी वॉलकॉट १९९२ मध्ये, आणि दोघांचाही जन्मदिवस २३ जानेवारी. आम्ही गेलो त्या दिवसांत तिथे त्यांच्या स्मरणाच्या सप्ताहाची तयारी चालू होती. चौकात एक प्रचंड वृक्ष आहे, त्याला ते ‘समान’ म्हणतात. बाबांनी पानांवरून ओळखला: आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सावली धरणारा रेन ट्री तो हाच, आणि तो मुळात याच बाजूचा. निवृत्त शिक्षक असलेले बाबा त्या झाडाखाली वीस मिनिटे बसून मार्गदर्शकांशी बोलत राहिले, वॉलकॉटविषयी थोडे आणि रोहित शर्माविषयी पुष्कळ. तो सामना त्या गृहस्थांनी प्रत्यक्ष मैदानात बसून पाहिला होता.

पुढे जाणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: कसावाच्या भाकरीचे अनेक प्रकार असतात आणि त्यांतल्या काहींमध्ये मासळी असते, म्हणून नारळाची भाकरी नाव घेऊन मागावी. हिरव्या पालेभाजीचे कालालू सूप बहुधा मांस किंवा खेकडा घालून करतात, तेही विचारल्याशिवाय घेऊ नये.